किसेनोसातोच्या तालमीच्या गावी : ऱ्योगोकु ते आमी

मे 2025 च्या तोक्यो सुमो स्पर्धेची तिकिटे माझ्या भाच्याने एप्रिलमध्ये विक्री सुरू होताच काढून ठेवली. त्या स्पर्धेत इतके काही घडेल याची तेव्हा आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. माझी ओढ वेगळीच होती. 72 वा योकोझुना किसेनोसातो युताका जानेवारी 2019 मध्ये निवृत्त झाला. योकोझुना म्हणजे सुमोतील सर्वोच्च पद, आणि ते त्याला जेमतेम दोन वर्षे लाभले, त्यातलाही बहुतेक काळ दुखापतीत गेला. आज तो निशोनोसेकी या पारंपरिक नावाने इबाराकी प्रांतातील आमी या गावी स्वतःची तालीम चालवतो आणि त्या तालमीतला ओनोसातो हा पैलवान या मे महिन्यात योकोझुनापदाच्या उंबरठ्यावर उभा होता. पैलवान म्हणून ज्याचे दैव अर्ध्यावर रुसले, त्याने वस्ताद म्हणून इतक्या लवकर हे कसे साधले, हे त्या परिसरात हिंडून पाहावे, असे मी ठरवले.

बुधवार, 21 मे : ऱ्योगोकु

भाचा निशिकासाईला राहतो. तोक्योतील भारतीयांची मोठी वस्ती तिथेच असल्याने सकाळी पोह्यांची आणि फोडणीची सोय झाली, आणि दुपारी आम्ही सोबु मार्गाच्या पिवळ्या पट्ट्याच्या गाडीने ऱ्योगोकुला उतरलो. स्थानकाबाहेर पडताच पैलवानांच्या नावांचे रंगीत उभे ध्वज आणि स्पर्धेचा नगारा वाजवण्यासाठी उभारलेला उंच मनोरा दिसतो. सुती युकाता घातलेले तरुण पैलवान हातात पिशव्या घेऊन आपल्या शेजारून निघून जातात, आणि ते गेल्यावरही त्यांच्या केसांना लावलेल्या बिन्त्सुके तेलाचा गोडसर वास क्षणभर रेंगाळतो. सुमो प्रथमच पाहायला आलेल्या माणसाला इथली पहिली ओळख बहुधा या वासानेच होते.

स्थानकाच्या दक्षिणेला चालत जाण्याच्या अंतरावर एकोइन हे मंदिर आहे. 1657 च्या महाभयंकर आगीत मेलेल्यांसाठी ते बांधले गेले. 1833 पासून सुमोच्या नियमित स्पर्धा याच आवारात भरू लागल्या आणि 1909 मध्ये पहिले कोकुगिकान, म्हणजे सुमोचे बंदिस्त प्रेक्षागृह, इथेच उभे राहिले. आवारात 1936 साली बसवलेली एक भव्य शिळा आहे. दिवंगत वस्तादांच्या स्मरणार्थ ती उभारली आहे. पैलवानांच्या स्मारकांची आपल्याला सवय असते, पण वस्तादांसाठी शिळा उभी करणारा खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

इथे वस्ताद होणे ही खासगी बाब नाही. निवृत्तीनंतर सुमो संघात राहायचे तर 105 पारंपरिक नावांपैकी एखादे मिळवावे लागते आणि जपानी नागरिकत्वही आवश्यक असते. ते नाव धारण करणाऱ्याला ओयाकाता म्हणतात. किसेनोसातो निवृत्त होताच आराइसो ओयाकाता झाला, ऑगस्ट 2021 मध्ये त्याने स्वतंत्र तालीम काढली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात निशोनोसेकी हे मानाचे नाव त्याच्याकडे आले.

*तिकिटांविषयी :* मोठ्या स्पर्धा वर्षाला सहा असतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये तोक्यो, मार्चमध्ये ओसाका, जुलैत नागोया आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओका. विक्री साधारण महिनाभर आधी सुरू होते आणि शेवटच्या आठवड्याची तिकिटे पाहता पाहता संपतात. खालच्या चौकटींत चार जणांनी मांडी घालून बसायचे असते. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या मजल्यावरच्या खुर्च्याच बऱ्या.

गुरुवार : तालमीतली सकाळ

भाच्याच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी तोक्योतील एका तालमीच्या चाहता मंडळाचे सभासद आहेत. त्यांच्या ओळखीने आम्हाला सकाळचा सराव पाहण्याची परवानगी मिळाली. स्पर्धा चालू असताना सराव बेताचाच असतो, असे त्यांनी आधीच सांगितले होते. तरीही आम्ही पोचलो तेव्हा खालच्या श्रेणीतील मुले घामाने निथळत होती.

सुरुवात शिकोने होते. एक पाय जमेल तितका उंच उचलायचा, क्षणभर तोल सांभाळायचा आणि मग पाऊल जमिनीवर आपटून खाली बसायचे, असे शंभर-शंभर वेळा. त्यानंतर पायांचे तळवे जमिनीवरून न उचलता घासत पुढे सरकणे आणि लाकडी खांबावर आळीपाळीने तळहात मारणे. पुढे खरी झुंज सुरू होते. जिंकणारा रिंगणात उभा राहतो, आणि पुढची लढत आपल्याला मिळावी म्हणून कडेची सगळी मुले एकदम त्याच्यावर धावून जातात. तो त्यांतल्या एकाला निवडतो. माझ्या समोरच सतरा-अठरा वर्षांचा एक किडकिडीत मुलगा होता. तो प्रत्येक वेळी धावून जात होता आणि प्रत्येक वेळी मागे ढकलला जात होता. तासाभरात त्याच्या वाट्याला मोजक्याच लढती आल्या. शेवटच्या लढतीत तो पाठीवर आपटला, उठला, झाडूने रिंगण सारखे करू लागला, तेव्हा त्याच्या पाठीला चिकटलेल्या मातीत घामाचे दोन ओघळ उमटले होते. एकच रिंगण आणि पंधरा-वीस मुले असली, की सरावाचा बराचसा वेळ उभे राहण्यातच जातो, हे त्या मुलाकडे पाहून लक्षात येते. आमीच्या तालमीची चर्चा इथूनच सुरू झाली, कारण तिथे दोन रिंगणे आहेत आणि जपानमधल्या तालमींत ही गोष्ट अपवादात्मक आहे.

बाहेर पडल्यावर त्या सहकाऱ्यांनी किसेनोसातोच्या स्वतःच्या वस्तादाविषयी सांगितले. 59 वा योकोझुना ताकानोसातो निवृत्तीनंतर नारुतो या नावाने तालीम चालवत असे आणि त्याच्या कडकपणाचा दरारा साऱ्या सुमो विश्वात होता. इतर तालमींत जाऊन सराव करायला त्याच्या शिष्यांना मनाई होती आणि परक्या पैलवानांशी घसट त्याला खपत नसे. शाळेत बेसबॉल खेळणारा हागिवारा युताका मार्च 2002 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याच्याकडे आला आणि अठरा वर्षे तीन महिन्यांचा असताना सर्वोच्च विभागात पोचला. त्याच वेळी त्याने किसेनोसातो हे नाव घेतले. नोव्हेंबर 2010 मध्ये योकोझुना हाकुहोची सलग 63 विजयांची मालिका त्यानेच तोडली. पुढच्या नोव्हेंबरात, फुकुओकाची स्पर्धा सुरू होण्याच्या तोंडावर, नारुतो ओयाकाताचे निधन झाले. ती स्पर्धा किसेनोसातो खेळला आणि ती संपल्यावर त्याला ओझेकी हे दुसऱ्या क्रमांकाचे पद मिळाले. ज्याने घडवले त्याच्या डोळ्यांदेखत मात्र ते घडले नाही.

*सराव पाहायला जाणाऱ्यांसाठी :* परवानगीशिवाय जाऊ नये, कारण बहुतेक तालमी पाहुण्यांसाठी खुल्या नसतात. आत बोलू नये, पाय रिंगणाच्या दिशेने पसरू नयेत आणि सराव संपेपर्यंत उठू नये. दोन तास मांडी घालून बसण्याची तयारी हवी.

शुक्रवार : कोकुगिकान

आम्ही सकाळीच आत गेलो. नवख्या पैलवानांच्या लढती सुरू होतात तेव्हा अकरा हजारांचे हे प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे असते आणि पुढच्या चौकटींजवळ जाऊन पाहिले तरी कोणी हटकत नाही. रिंगण मातीचे असून दर स्पर्धेसाठी नव्याने, हातांनी चोपून बांधले जाते. त्याच्या मधोमध तांदूळ, मीठ, कोम्बु शेवाळ, वाळवलेला माकूल, चेस्टनट आणि काया झाडाच्या बिया पुरतात. कोल्हापूरच्या तालमीत हळद, ताक आणि तेल घालून भुसभुशीत केलेल्या लाल मातीची ज्याला सवय आहे, त्याला ही माती फरशीसारखी कठीण वाटेल. पडणाऱ्याला ती माफ करत नाही, आणि 4.55 मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडले की डावही संपतो.

दुपारी तळघरातल्या स्वयंपाकघरात भाजलेली यांची प्रसिद्ध याकितोरी, म्हणजे सळईवरची कोंबडी, खाल्ली. कोंबडी दोन पायांवर उभी असते, हात टेकलेल्या चतुष्पाद प्राण्यासारखी हरलेली नसते, म्हणून ती शुभ. थंडगार देतात तरी चव लागते. तळमजल्यावरचे छोटे सुमो संग्रहालय स्पर्धेच्या काळात फक्त तिकीटधारकांना पाहता येते.

आमच्या शेजारच्या चौकटीत इशिकावा प्रांतातून आलेल्या एक आजी होत्या. ओनोसातो त्याच प्रांतातल्या त्सुबाताचा. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपाने त्या प्रांताचे फार नुकसान झाले आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, मे 2024 मध्ये, हा पोरगा पदार्पणापासून अवघ्या सातव्या स्पर्धेत विजेता ठरला, हे सांगताना आजींनी त्याच्या नावाचा टॉवेल उलगडून आम्हाला नीट दाखवला. भाच्याने अनुवाद करायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात भाताचा एक गोळा ठेवला होता. आतला आंबट उमेबोशी आपल्या लोणच्याच्या वळणाचा असल्याने मला तो मनापासून आवडला.

पाऊण डझन लढती उरल्या असताना सभागृहातली कुजबुज वाढत गेली. ओनोसातो तोवर बाराही दिवस अपराजित होता आणि समोर ओझेकी कोतोझाकुरा होता. मिठाची मूठ उधळली गेली, दोघे बसले, आणि पहिल्या टकरीनंतर फारसा प्रश्न उरलाच नाही. 192 सेंटिमीटर उंचीचा तो देह छाती भिडवून पुढेच सरकत राहिला आणि कोतोझाकुराचे पाऊल काठावरच्या गवताच्या वेटोळ्यापलीकडे पडले. दोन दिवस शिल्लक असतानाच कारकिर्दीतले चौथे विजेतेपद निश्चित झाले. आजी टॉवेल डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, आणि मागच्या माणसाने तक्रार केली नाही, कारण तोही उभाच होता.

शनिवार : आमी आणि उशिकु

उएनोहून जोबान मार्गाच्या गाडीने तासाभरात आराकावाओकि स्थानक येते. तिथून पुढे बस क्वचितच असल्याने आम्ही टॅक्सी केली. ढगाळ हवा होती आणि थोड्याच वेळात बारीक पाऊस लागला.

तोक्योत राहून तालीम चालवणे सोपे असते, कारण स्पर्धा, आश्रयदाते, वर्तमानपत्रे सगळे तिथेच असते. किसेनोसातोने मात्र आपला लहानपणचा भाग निवडला. तो शेजारच्या रयुगासाकी आणि उशिकु या गावांत वाढलेला. निवृत्तीनंतर त्याने वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि प्रबंधासाठी विषयही सुमो तालमीच्या व्यवस्थापनाचाच निवडला. 2022 मध्ये उभी राहिलेली आमीची वास्तू त्या अभ्यासाचे प्रत्यक्ष रूप आहे. परवानगी नसताना फाटकापाशी रेंगाळणे बरे दिसले नसते, म्हणून आम्ही रस्त्याच्या पलीकडूनच पाहिले. शहरातल्या तालमी अरुंद गल्लीत एकावर एक मजले चढवून बांधलेल्या असतात. इथे मोकळे अंगण, रुंद इमारत आणि आजूबाजूला शेती. माझ्या डोळ्यांपुढे गुरुवारचा तो मागे ढकलला जाणारा मुलगा उभा राहिला. इथे दोन रिंगणांपैकी एकात तरी त्याला जागा मिळाली असती.

सारेच गोड आहे असे नाही. एका अल्पवयीन पैलवानाबरोबर मद्यपान केल्याबद्दल एप्रिल 2024 मध्ये संघाने ओनोसातोला कडक समज दिली आणि त्याच्याबरोबर वस्तादालाही. शिष्याच्या चुकीसाठी वस्तादाला जबाबदार धरण्याची ही पद्धत मला रास्त वाटते.

टॅक्सीचालक त्सुचिउराचा निघाला, आणि त्याची अडचण आम्हाला फार गमतीदार वाटली. त्याच्या गावचा ताकायासु हा नारुतो तालमीत किसेनोसातोच्या पाठोपाठ वाढलेला, त्याचा धाकटा तालीमबंधू. गुणी पैलवान, पण सर्वोच्च विभागातले विजेतेपद त्याच्या हाती काही लागलेले नाही. मार्च 2025 मध्ये ओसाकात तो आणि ओनोसातो दोघेही 12 विजयांवर बरोबरीत आले आणि निर्णायक लढतीत ओनोसातो जिंकला. म्हणजे किसेनोसातोच्या शिष्याने किसेनोसातोच्याच धाकट्या तालीमबंधूला हरवले. ‘‘त्या संध्याकाळी तुम्ही कुणाच्या बाजूने होता?’’ असे भाच्याने विचारले, तेव्हा चालकाने ‘‘मी गाडी चालवत होतो,’’ एवढेच उत्तर दिले.

जवळच उशिकुची बुद्धमूर्ती आहे. बैठकीसह 120 मीटर उंच असलेल्या या मूर्तीच्या आत उद्वाहनाने 85 मीटरपर्यंत चढता येते. पावसात वरून फारसे दिसले नाही. परतताना कासुमिगाउरा तलावाच्या बाजूला कमळाच्या पाणथळ शेतांतून नवी पाने डोके काढत होती. जेवायला याच कमळांचे कंद, म्हणजे कमळकाकडी, तळून दिले होते. बाहेरून कुरकुरीत आणि आत तंतू सुटणारे ते काप मी दोनदा मागवले.

*सूचना :* इथली बस चुकली तर बराच वेळ ताटकळावे लागते. परतीची वेळ आधी पाहून ठेवावी आणि टॅक्सीसाठी रोख पैसे जवळ ठेवावेत.

रविवार : चांकोच्या दुकानात

शेवटच्या दिवसाची तिकिटे नव्हती. संध्याकाळी ऱ्योगोकुतल्या एका चांको भोजनालयात दूरचित्रवाणीसमोर बसलो. चांको म्हणजे पैलवानांचा खुराक. मोठ्या भांड्यात कोंबडी, मासे, टोफू, कोबी, मुळा एकत्र शिजते, आणि शेवटी उरलेल्या रश्श्यात शेवया टाकतात. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की भाज्यांचे भांडे मागवले तरी रस्सा बहुधा माशाचाच असतो.

ओनोसातो त्या दिवशी योकोझुना होशोरयुकडून हरला आणि 14-1 वर थांबला. दुकानात थोडी हळहळ झाली. मग गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी, आम्ही आमीला जाऊन आलो हे कळल्यावर, 2017 चा विषय काढला.

किसेनोसातो त्याआधी बारा वेळा उपविजेता होता. 2016 मध्ये त्याने वर्षभरात सर्वांहून अधिक, 69 लढती जिंकल्या आणि तरीही एकही स्पर्धा जिंकली नव्हती. जानेवारी 2017 मध्ये अखेर ते साधले आणि त्याला योकोझुनापद मिळाले. जपानमध्ये जन्मलेल्या पैलवानाला हा मान 19 वर्षांनी मिळाला होता. मार्चमध्ये ओसाकात तेराव्या दिवशी हारुमाफुजीशी लढताना त्याच्या डाव्या छातीजवळ आणि दंडाला गंभीर दुखापत झाली. डावा हात हेच त्याचे मुख्य अस्त्र. चौदाव्या दिवशी तो सहज हरला. शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या तेरुनोफुजीला एकदा हरवून बरोबरी साधायची आणि मग निर्णायक लढतीत पुन्हा हरवायचे होते, आणि एका हाताच्या बळावर त्याने ते दोन्ही केले. ‘‘मी इथे उभा राहून रडलो होतो,’’ असे मालक म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी न विचारता मान डोलावली.

त्या संध्याकाळची किंमत मात्र फार मोठी होती. योकोझुना होण्यापूर्वी पंधरा वर्षांत केवळ एक दिवस गैरहजर राहिलेला हा पैलवान पुढे सलग आठ स्पर्धा पूर्ण करू शकला नाही. योकोझुनाची श्रेणी खाली जात नाही. झेपेनासे झाले की निवृत्त होणे एवढाच मार्ग उरतो. जानेवारी 2019 मध्ये सलग तीन पराभवांनंतर त्याने तो पत्करला, आणि निरोपाच्या वेळी रिंगणातल्या आयुष्याबद्दल कणभरही खंत नसल्याचे सांगितले. मालकांचा त्यावर पूर्ण विश्वास आहे, माझा तितकासा नाही. दुखावलेल्या शरीराने लढून त्याने लोकांची मने जिंकली आणि स्वतःची कारकीर्द गमावली, असा हिशेब मला दिसतो. तो त्यालाही ठाऊक असणार, आणि वस्ताद म्हणून त्याची खरी शिदोरी मला त्या दोन विजेतेपदांपेक्षा या हिशेबात जास्त वाटते.

सोमवार : तोमिओका हाचिमान

निघण्यापूर्वी मोन्झेन-नाकाचो स्थानकाजवळच्या तोमिओका हाचिमान देवस्थानात गेलो. निधिसंकलनासाठी भरवल्या जाणाऱ्या सुमोची इथे 1684 मध्ये सुरुवात झाली. आवारात 1900 साली 12 वा योकोझुना जिन्माकु याच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड शिळा आहे, तिच्यावर सर्व योकोझुनांची नावे कोरतात. सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते. भाच्याने किसेनोसातोचे नाव शोधून काढले आणि मग, ‘‘मामा, पुढच्या खेपेला ओनोसातोचेही असेल,’’ असे म्हणून मोकळा झाला.

परतल्यानंतर

28 मे रोजी संघाचे दूत आमीच्या त्याच तालमीत गेले आणि ओनोसातोला 75 वा योकोझुना घोषित करण्यात आले. पदार्पणापासून तेरा स्पर्धांत इथवर कोणी पोचले नव्हते. किसेनोसातोनंतर हे पद मिळालेला तो पहिलाच जपानी पैलवान, आणि योकोझुनाचा रिंगणप्रवेशाचा विधी त्याला वस्तादानेच शिकवला. जुलैत नागोयात 11-4 अशी अडखळत सुरुवात झाली, तर सप्टेंबरमध्ये होशोरयुला निर्णायक लढतीत हरवून पाचवे विजेतेपद आले.

नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला, शेवटच्या दिवसाच्या सकाळी, ओनोसातो 11-3 वर आणखी दोघांच्या बरोबरीने आघाडीवर होता आणि विजेतेपद हाताच्या अंतरावर होते. पण डावा खांदा दुखावला होता. आठ वर्षांपूर्वी ओसाकात त्याचा वस्ताद अशाच अवस्थेत रिंगणात उतरला होता. शिष्य मात्र त्या दिवशी उतरला नाही. स्पर्धा आओनिशिकीने जिंकली. भाच्याने बातमी पाठवताना खाली निराश चेहऱ्याचे चिन्ह टाकले होते. मी त्याला उलट लिहिले, की आमीच्या तालमीतून इतक्यांत आलेली सगळ्यात चांगली बातमी हीच आहे.